डॉक्युमेंटेशनमधली इशाऱ्याची चौकट: एकदा नीट बांधा, सगळीकडे वापरा

कुबर्नेटीसमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत, नेमस्पेस (एका कामाच्या सगळ्या गोष्टींचा कप्पा) डिलीट करायची कमांड एका ओळीत मावते. ती चालवली की त्या नेमस्पेसमधले पॉड, सर्व्हिस, सीक्रेट, कॉन्फिगमॅप सगळं जातं. पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, म्हणजे डिस्कच्या जागेसाठी केलेल्या मागण्या, त्याही जातात. व्हॉल्यूमची रिक्लेम पॉलिसी (क्लेम गेल्यावर डिस्कचं काय करायचं हा नियम) ‘डिलीट’ असेल तर खालच्या डिस्कवरचा डेटाही जातो, आणि डायनॅमिक पद्धतीने तयार झालेल्या व्हॉल्यूमना सहसा तीच पॉलिसी असते. कमांड कॉपी करण्याआधीच हे वाचकाला कळायला हवं. डॉक्युमेंटेशनमधली रंगीत चौकट असते ती यासाठी.

चौकट बनवायला दहा मिनिटं लागतात: एक डिव्ह, पिवळी पार्श्वभूमी, त्रिकोणातलं उद्गारचिन्ह. त्रास पुढे सुरू होतो. डार्क मोडमध्ये अक्षरं दिसेनाशी होतात, आतला कोड मोबाइलच्या पडद्याबाहेर जातो, पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला हा इशारा आहे हे कळतच नाही, आणि वर्षभरात प्रत्येक पानावर पाच-पाच चौकटी उगवतात, ज्या कुणीच वाचत नाही. म्हणून हा कंपोनंट लिहिताना एक धोरण पक्कं ठेवा: लेखकाच्या हातात कमीत कमी पर्याय द्यायचे. रंग, आयकन, पॅडिंग यांतलं काहीही लेखकाने ठरवायचं नाही. त्याने प्रकार निवडावा आणि मजकूर लिहावा.

## प्रकार किती?

डॉकयुटिल्समध्ये, म्हणजे स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनाच्या पायात, नऊ ठराविक प्रकार आहेत: अटेन्शन, कॉशन, डेंजर, एरर, हिंट, इम्पॉर्टंट, नोट, टिप आणि वॉर्निंग. गिटहबने २०२३ मध्ये मार्कडाउनसाठी पाच दिले. डॉक्युसॉरस या तशाच साधनाचेही मुख्य पाचच. नवातले अटेन्शन कधी आणि इम्पॉर्टंट कधी, हे एकाच टीममधले दोन लेखकही सारखं सांगणार नाहीत. शिवाय चढउताराचा क्रमही सगळीकडे एक नाही. अमेरिकेतल्या अँसी झेड ५३५ या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात कॉशन हा वॉर्निंगच्या खालचा दर्जा आहे. गिटहबवर कॉशन लाल असतो आणि वॉर्निंगच्या वर बसतो. तेव्हा नावं उसनी घेऊन काम भागत नाही, व्याख्या आपली लागते.

तीन प्रकार पुरतात. वाचकाने चौकट वाचली नाही तर त्याचं काय जाईल, या एकाच प्रश्नावर ते ठरवा.

टीप: काहीच जाणार नाही, फक्त एखादी सोय हुकेल.
सावधान: वेळ जाईल, सर्व्हिस थोडा वेळ बंद पडेल, क्लाउडचं बिल वाढेल, पण परत फिरता येईल.
धोका: डेटा जाईल, गुप्त की उघड होईल, किंवा केलेलं उलटवता येणार नाही.

या मोजपट्टीवर नेमस्पेस डिलीट करणं ‘धोका’ ठरतं. गिटमध्ये फोर्स पुश करणं, इतरांचीही शाखा असेल तर, तेही ‘धोका’च. टेराफॉर्ममध्ये प्रोव्हायडरचं व्हर्जन बदलल्यावर पुन्हा इनिट करायला लागेल, हे ‘सावधान’. चौथा प्रकार कुणी मागितला तर आधी त्याची व्याख्या याच प्रश्नाच्या उत्तरात लिहून मागा. बहुतेक मागण्या तिथेच थांबतात.

‘हे फीचर आता वापरू नका’ किंवा ‘हे पान जुन्या आवृत्तीचं आहे’ असल्या सूचना या कंपोनंटमध्ये कोंबू नका. त्या पानाच्या किंवा एपीआयच्या माहितीतून आपोआप यायला हव्यात, लेखकाच्या हातून नकोत. स्फिंक्समध्येही त्यासाठी वेगळे डिरेक्टिव्ह आहेत.

## एचटीएमएलचा सांगाडा

बाहेर एक डिव्ह. त्यावर रोल ‘नोट’ आणि एरिया-लेबल्डबाय (दोन्ही स्क्रीन रीडरसाठीचे अ‍ॅट्रिब्यूट), जो आतल्या शीर्षकाच्या आयडीकडे बोट दाखवेल. आत दोनच भाग: शीर्षकाची ओळ आणि मजकूर. शीर्षकाच्या ओळीत एसव्हीजी आयकन, त्यावर एरिया-हिडन ट्रू, आणि शेजारी खराखुरा मजकूर म्हणून प्रकाराचं नाव. एवढंच. यातली प्रत्येक निवड कशासाठी आहे ते समजून घ्या, कारण कुणीतरी पुढे ‘सुधारणा’ करायला येणारच.

रोल ‘अलर्ट’ लावायचा मोह होतो, नावच तसं आहे. पण अलर्ट म्हणजे लाइव्ह रीजन, बदलला की स्क्रीन रीडर लगेच वाचून दाखवतो तो भाग. पान उघडल्यानंतर अचानक बदललेल्या मजकुरासाठी तो आहे, उदाहरणार्थ फॉर्म सबमिट केल्यावर आलेली चूक. पानासोबतच आलेली चौकट स्क्रीन रीडर सहसा अलर्ट म्हणून घोषित करत नाहीत. आणि सिंगल-पेज पद्धतीच्या साइटवर पान बदलताना चौकट नव्याने डॉममध्ये (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेत) आली, तर वाचक पानाचं शीर्षक ऐकत असताना मध्येच धोक्याची घोषणा होते. दोन्हीकडून नुकसान.

असाइड हा टॅगही बरेच जण वापरतात. त्याला नाव दिलं की तो लँडमार्क, म्हणजे स्क्रीन रीडरवरून थेट उडी मारायची जागा, होतो. पानावर चार चौकटी असतील तर लँडमार्कच्या यादीत चार नोंदी वाढतात, आणि नेव्हिगेशन शोधणाऱ्याला त्या ओलांडाव्या लागतात.

शीर्षकासाठी एच३ किंवा एच४ नको. तसं केलं की उजव्या बाजूच्या अनुक्रमणिकेत ‘सावधान, सावधान, धोका’ अशी रांग लागते, आणि चौकट एच२ खाली आहे की एच४ खाली यावर पानाची उतरंड मोडते. साधा पॅराग्राफ, ठळक अक्षरात, पुरे.

प्रकाराचं नाव सीएसएसच्या बिफोर स्यूडो-एलिमेंटमधून कधीही आणू नका. ते कॉपी होत नाही, पानात शोधता येत नाही, ब्राउझरच्या भाषांतरात येत नाही, आणि रीडर मोडमध्ये किंवा फीडमध्ये सीएसएस उतरलं की इशारा साध्या परिच्छेदासारखा दिसतो. रोल ‘नोट’ला स्क्रीन रीडरचा पाठिंबा एकसारखा नाही. काही जण तो सांगतात, काही गिळतात. म्हणून खरं काम हे दिसणारं नावच करतं. रोल ही त्यावरची जोड.

आयकन फॉन्टमधून घेतला आणि फॉन्ट लोड झाला नाही, तर आयकनच्या जागी लिगेचरचा इंग्रजी शब्द तसाच छापला जातो. इमोजी वापरला तर तो प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळा दिसतो आणि स्क्रीन रीडर त्याचं नावही वाचून दाखवतो. २० बाय २० पिक्सेलचा इनलाइन एसव्हीजी, फिल करंटकलर. यात दोन्ही कटकटी नाहीत.

लेखकाला स्वतःचं शीर्षक हवं असेल तर द्या, पण ते प्रकाराच्या नावाला जोडून: ‘धोका: डेटा परत मिळणार नाही’. डॉक्युसॉरस आणि मटेरियल फॉर एमकेडॉक्स या दोन्हींत स्वतःचं शीर्षक दिलं की प्रकाराचं नाव पुसलं जातं. मग चौकट किती गंभीर आहे हे फक्त रंगावरून कळतं, म्हणजे ज्याला रंग दिसत नाही त्याला कळतच नाही.

आयडी पानावर एकमेव हवा. रिअ‍ॅक्ट १८ पासून त्यासाठी युझआयडी हा हूक आहे. स्टॅटिक जनरेटरमध्ये पानापुरता वाढता क्रमांक पुरतो. ‘वॉर्निंग-टायटल’ असा कायमचा आयडी लिहिला तर पानावरच्या पाचही चौकटी पहिलीचंच नाव सांगत राहतात. डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने राहते.

## रंग: नुसता पिवळा का चालत नाही

डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मानकाचे तीन नियम इथे थेट लागू होतात. साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १. अर्थ सांगणाऱ्या आयकन-किनारीसारख्या गोष्टींचा किमान ३ ला १. आणि अर्थ फक्त रंगावर टांगायचा नाही.

इशारा म्हटलं की डोळ्यासमोर येणारा तो उजळ पिवळा, आरजीबी २५५, १९३, ७, पांढऱ्यावर जेमतेम १.६ ला १ भरतो. आयकनलासुद्धा तो पुरत नाही. त्याऐवजी पार्श्वभूमी अगदी फिकी ठेवा आणि शीर्षक, आयकन, किनार यांना गडद छटा द्या. पुढच्या जोड्या तशाच उचलल्या तरी चालतील:

सावधान: पार्श्वभूमी २५५, २५१, २३५, गडद छटा १८०, ८३, ९. कॉन्ट्रास्ट सुमारे ४.८.
धोका: पार्श्वभूमी २५४, २४२, २४२, गडद छटा १८५, २८, २८. सुमारे ५.९.
टीप: पार्श्वभूमी २३९, २४६, २५५, गडद छटा २९, ७८, २१६. सुमारे ६.२.

मुख्य मजकूर मात्र पानाच्या नेहमीच्या रंगातच ठेवा. लाल पार्श्वभूमीवर लाल परिच्छेद वाचायचा वीट येतो. हमखास विसरली जाते ती लिंक. पांढऱ्यावर काठावर पास होणारा लिंकचा रंग रंगीत पार्श्वभूमीवर नापास होऊ शकतो, तेव्हा चौकटीतल्या लिंकला अधोरेखा ठेवाच आणि तिचा कॉन्ट्रास्ट वेगळा मोजा. इनलाइन कोडची करडी पट्टीही तशीच तपासा.

डार्क मोडमध्ये हेच रंग उलटे करून भागत नाही. ‘सावधान’साठी पार्श्वभूमी ६९, २६, ३ आणि शीर्षक २५२, २११, ७७ घेतलं तर कॉन्ट्रास्ट १० च्या वर जातो आणि चौकट डोळ्यांत घुसत नाही. प्रत्येक प्रकारासाठी तीनच कस्टम प्रॉपर्टी ठेवा: पार्श्वभूमी, छटा, किनार. थीम बदलली की फक्त त्यांच्या किमती बदलायच्या, बाकी एकही नियम नाही. साइटवर थीमचं बटण असेल तर सिस्टिमच्या पसंतीची मीडिया क्वेरी आणि बटणाने लागणारा डेटा-थीम अ‍ॅट्रिब्यूट, दोन्हींत किमती द्या. फक्त मीडिया क्वेरीत दिल्या तर सिस्टिम डार्क आणि साइट लाइट असताना चौकटी काळ्या राहतात.

## मांडणी

सुरुवातीच्या बाजूला ४ पिक्सेलची जाड किनार, बाकी तीन बाजूंना १ पिक्सेलची, कोपरे ४ ते ६ पिक्सेल, आत १६ पिक्सेल पॅडिंग, वर-खाली २४ पिक्सेल मार्जिन. किनार ‘लेफ्ट’ न लिहिता बॉर्डर-इनलाइन-स्टार्ट लिहा. उर्दू किंवा अरबी आवृत्ती आली की ती आपोआप उजवीकडे जाते.

किनार बॉक्स-शॅडोने काढू नका. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये, म्हणजे फोर्स्ड-कलर्स चालू असताना, ब्राउझर आपला पार्श्वभूमीचा रंग बाजूला सारतो आणि शॅडो पूर्ण काढतो. बॉर्डर मात्र राहते. छापतानाही तेच: पार्श्वभूमीचे रंग ब्राउझर सहसा गाळतो, बॉर्डर छापतो. छपाईसाठी ब्रेक-इनसाइड अव्हॉइड ही एक ओळही टाका, म्हणजे चौकट दोन पानांत तुटत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या आतल्या कोडबद्दल. आयकन डावीकडे आणि मजकूर उजवीकडे अशी फ्लेक्सची मांडणी केली की मजकुराच्या स्तंभाची मिन-विड्थ मुळात ‘ऑटो’ असते. आत लांब कमांड आली की स्तंभ आकसत नाही, कमांडएवढा रुंद होतो, आणि ३२० पिक्सेलच्या पडद्यावर अख्खं पान आडवं सरकायला लागतं. कोडच्या ब्लॉकला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो असूनही हे होतं, म्हणून माणसं चुकीच्या जागी शोधत बसतात. इलाज एका ओळीचा: मजकुराच्या स्तंभाला मिन-विड्थ शून्य, किंवा ग्रिड असेल तर एक एफआरऐवजी मिनमॅक्स शून्य, एक एफआर. त्याहून बरं म्हणजे आयकन शीर्षकाच्या ओळीतच ठेवा आणि मजकुराला पूर्ण रुंदी द्या. मोबाइलवर आयकनच्या स्तंभाचे ते ३२ पिक्सेल मोलाचे असतात.

आतल्या पहिल्या घटकाचा वरचा आणि शेवटच्याचा खालचा मार्जिन शून्य करा. नाहीतर एका परिच्छेदाची चौकट आणि यादी असलेली चौकट वेगवेगळ्या फुगलेल्या दिसतात.

मराठी पानांसाठी दोन गोष्टी वेगळ्या लागतात. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाला कॅपिटल अक्षरं आणि लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीला कॅपिटल नाहीत, त्यामुळे पहिल्याने काही बिघडत नाही. लेटर-स्पेसिंगने मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांचा दिसतो. भाषा मराठी किंवा हिंदी असेल तेव्हा ते शून्य करा. आणि शीर्षकाची लाइन-हाइट १.२ असेल तर दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, १.५ च्या खाली जाऊ नका. प्रकारांची नावं कंपोनंटमध्ये लिहून न ठेवता भाषेच्या फाइलमधून घ्यायची, हे ओघाने आलंच.

## लेखक लिहिणार कसं

मार्कडाउनमध्ये तीन रूढ मार्ग आहेत. गिटहबची पद्धत अवतरणाच्या खुणेने सुरू होते आणि चौकोनी कंसात प्रकार येतो. ती गिटहबवरही नीट दिसते, हा मोठा फायदा. दुसरा मार्ग तीन कोलनचा: डॉक्युसॉरस, व्हिटप्रेस वगैरे. तिसरा म्हणजे थेट कंपोनंटचा टॅग. रेपॉझिटरीतल्या फाइली लोक गिटहबवरच वाचत असतील तर पहिला घ्या, नाहीतर दुसरा. टॅग हा शेवटचा पर्याय, कारण लेखक बंद करायचा टॅग विसरतात आणि त्यातून मिळणारा एरर त्यांना उमगत नाही.

साध्या कॉमनमार्कमध्ये (मार्कडाउनच्या प्रमाण रूपात) टॅग वापरलात तर उघडणाऱ्या टॅगनंतर रिकामी ओळ सोडलीच पाहिजे. रिकामी ओळ येईपर्यंत सगळं कच्चं एचटीएमएल मानलं जातं, आणि आतल्या तारका व बॅकटिक जसेच्या तसे छापले जातात. कोलनच्या पद्धतीत रिकाम्या ओळी प्रेटियरसाठी, म्हणजे फाइलची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनासाठी, लागतात. त्या नसतील तर प्रेटियर कोलनची ओळ मजकुराला चिकटवू शकतो आणि चौकट नाहीशी होते. चौकटीत चौकट असेल तर बाहेरचीला चार कोलन. पण चौकटीत चौकट मुळात हवीच कशाला?

रिमार्क-डिरेक्टिव्ह हे कोलनची पद्धत वाचणारं पॅकेज वापरून स्वतःचा प्लगइन लिहीत असाल तर एक सापळा आहे. हे पॅकेज तीन कोलनच्या ब्लॉकसोबतच एका कोलनची इनलाइन रूपंही ओळखतं. मजकुरात कोलनला चिकटून शब्द आला, समजा कंटेनर इमेजचं नाव आणि टॅग, तर तो डिरेक्टिव्ह समजला जातो, आणि तुमचा प्लगइन त्याला ओळखत नसल्याने पानावर रिकामा डिव्ह उरतो. शब्द गायब, आणि कसलाही एरर नाही. प्लगइनने न ओळखलेलं इनलाइन डिरेक्टिव्ह मूळ मजकुरात परत लिहायला हवं, आणि न ओळखलेला तीन कोलनचा ब्लॉक दिसला तर बिल्ड थांबवायला हवं.

क्रमांकित पायऱ्यांच्या मध्ये चौकट आली तर ती त्या पायरीच्या मजकुराइतकी आत सरकवलेली हवी. नसेल तर यादी तुटते. आणि सगळ्या पायऱ्यांना ‘१.’ लिहायची सवय असेल तर चौकटीनंतर पुन्हा १ पासून मोजणी सुरू होते. लेखकांच्या मार्गदर्शिकेत याचं उदाहरण द्याच, हा प्रश्न दर आठवड्याला येतो.

अनेक फ्रेमवर्कमध्ये चालावं म्हणून वेब कंपोनंट करणार असाल तर मजकूर स्लॉटमधून द्या, अ‍ॅट्रिब्यूटमधून नको. स्लॉटमधला मजकूर जावास्क्रिप्ट चाललं नाही तरी पानावर राहतो, सर्चमध्ये येतो, त्यात लिंक आणि कोड लिहिता येतो. मात्र एरिया-लेबल्डबाय शॅडो डॉमची, म्हणजे कंपोनंटच्या आतल्या वेगळ्या रचनेची, भिंत ओलांडत नाही. शीर्षक शॅडोच्या आत आणि रोल बाहेरच्या घटकावर असेल तर नातं जुळतच नाही. मग रोल असलेला डिव्हही शॅडोच्या आतच ठेवा.

## बिल्डमधली राखण

नियम कागदावर राहिले तर सहा महिन्यांत विरतात. मार्कडाउनच्या ट्रीवर चालणारा छोटा लिंटर, म्हणजे नियम मोडले की सांगणारा प्रोग्रॅम, लिहा. अनोळखी प्रकार, रिकामी चौकट, आणि मिटवता येणारी ‘धोका’ चौकट यांवर बिल्ड फेल करा. उघडझाप करणारी चौकट टीपेपुरती ठीक आहे. मिटलेला इशारा न वाचला जातो, न छापला जातो. लागोपाठ दोन चौकटी आल्या, किंवा एका पानावर तीनहून जास्त झाल्या, तर फक्त सूचना द्या. हे आकडे आमच्या मते योग्य, तुम्ही बदला. आणखी एक तपासणी फार उपयोगी पडते: ‘धोका’ चौकटीच्या लगेच वर कोड ब्लॉक असेल तर सूचना. म्हणजे इशारा कमांडच्या खाली पडलाय, आणि तोवर वाचकाने एंटर दाबलेलं असतं.

सर्च इंडेक्समधून प्रकाराचं नाव वगळा, मजकूर नाही. पेजफाइंड या सर्चच्या साधनात शीर्षकाच्या घटकावर डेटा-पेजफाइंड-इग्नोर लावलं की भागतं. एरवी ‘सावधान’ शोधल्यावर अर्धी साइट समोर येते.

तपासणी क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या रेंडरिंग टॅबवरून बरीचशी होते: डार्क मोड, फोर्स्ड-कलर्स, छपाई आणि रंगांधळेपणाचे प्रकार तिथेच लावता येतात. सगळे प्रकार, लांब शीर्षक, आत यादी, आत न तुटणारी १२० अक्षरांची कमांड, आत तक्ता, पायरीच्या आत चौकट, असं एक कायमचं चाचणी-पान ठेवा आणि दर बदलाला त्याचे स्क्रीनशॉट ताडून पाहा. अ‍ॅक्ससारखं सुलभता तपासणारं साधन कॉन्ट्रास्ट आणि दुहेरी आयडी पकडेल, पण इशारा ऐकताना कळतो की नाही हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी एकदा एनव्हीडीए किंवा व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर लावून पान ऐकायलाच हवं.

## आत काय लिहायचं

‘ही कमांड काळजीपूर्वक वापरा’ हे वाक्य लिंटरने अडवलं तरी हरकत नाही. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. चांगल्या इशाऱ्यात तीन गोष्टी असतात: काय जाईल, कोणत्या परिस्थितीत जाईल, आणि आधी काय करायचं. नेमस्पेसच्या बाबतीत तो असा होईल:

> धोका: डेटा परत मिळणार नाही
> नेमस्पेस डिलीट केल्यावर त्यातले सगळे पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम जातात. व्हॉल्यूमची रिक्लेम पॉलिसी ‘डिलीट’ असेल तर डिस्कवरचा डेटाही जातो. आधी पॉलिसी तपासा. डेटा हवा असेल तर ती ‘रिटेन’ करा आणि मगच पुढची कमांड चालवा.

हाच इशारा दहा पानांवर लागत असेल तर मजकूरही एकाच फाइलमध्ये ठेवून तिथून ओढा. स्फिंक्समध्ये इन्क्लूड, अँटोरामध्ये पार्शल, एमडीएक्समध्ये इम्पोर्ट. अशा सामायिक फाइलमधल्या लिंक साइटच्या मुळापासून लिहा. सापेक्ष लिंक एका फोल्डरमधून चालते आणि दुसऱ्यातून ४०४ देते, आणि तो तुटलेला दुवा नेमका ‘आधी बॅकअप कसा घ्यायचा’ या पानाचा असतो.